बोटभर वर आलेलं इंजिन

श्री. सुधाकर मोहिते यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न, "हाताला क्रीम लावता का?" असा होता.

बहरीनमधल्या सित्राच्या औद्योगिक भागातल्या एका कोटिंग वर्कशॉपमध्ये माझी मुलाखत चालली होती. मी पुण्याची मेकॅनिकल इंजिनिअर. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं तिकडे इन्स्पेक्शनचं काम केलेली आणि मग नवऱ्याच्या नोकरीमागे बहरीनला येऊन घरात बसून कंटाळलेली. मॅनेजरनी माझे कागद चाळले, इंग्रजीत दोन-चार प्रश्न विचारले आणि शेजारी बसलेल्या गृहस्थांकडे पाहिलं. त्या गृहस्थांनी माझ्या कागदांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते माझ्या हातांकडे पाहत होते आणि त्यांनी सरळ मराठीत क्रीमचं विचारलं.

मला राग आला. बाई दिसली की हिला क्रीम-पावडरचंच विचारायचं, असं मनात आलं. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "लावते. इथल्या एसीत सगळेच लावतात."

"मग सकाळी लावू नका, घरी गेल्यावर लावा," ते म्हणाले आणि मॅनेजरकडे पाहून त्यांनी मान डोलावली. माझी निवड झाली होती.

कारण कळायला आठवडाभर लागला. कोटिंगच्या आधी धातूवर बारीक कणांचा मारा करून तो अगदी कोरा करतात. त्या कोऱ्या धातूला उघडं बोट लागलं, तर बोटाचं तेल तिथे राहतं. वरून कितीही भारी कोटिंग चढवा, भट्टीत भाजा, सहा महिन्यांनी पापुद्रा निघतो तो नेमका त्या बोटाच्या जागी. हातमोजे असतातच, पण क्रीम लावलेल्या हातांनी हातमोजे चढवले की ते बाहेरूनही तेलकट होतात. सरांना माझ्या पदवीपेक्षा माझ्या बोटांची काळजी जास्त होती, हे मी आता आनंदाने कबूल करते.

मोहिते सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त बहरीनमधल्या त्यांच्या मित्रमंडळाने हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि वर्कशॉपच्या वतीने लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. रीत म्हणून मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "लिहा की. पण ते रबराचं लिहा. ते नसेल तर लेख देऊ नका."

मागून शारदावहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, आवाज आला, "अहो, साठीच्या पुस्तकात कोणी चुका छापतं का?"

"माझ्या छापतात," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. तेव्हा रबराचं येईलच. पण ते समजायला आधी सर समजले पाहिजेत.

सर मूळचे खेडजवळच्या एका गावचे. मुंबईत डिप्लोमा केला, माझगावला जहाजांच्या रंगकामात हात बसवला आणि ऐन तारुण्यात बहरीनला आले. सित्राच्या रिफायनरीकडून येणारे व्हॉल्व्ह, पाइप, पंपांची अंगं या सगळ्यांना उष्णता आणि खारं वारं सोसेल असं कोटिंग देणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. या ग्रंथात कोणी सरांच्या नम्रतेबद्दल लिहिलं असेल, तर वाचकांनी तेवढा परिच्छेद सोडून द्यावा. सरांना आपलं काम उत्तम येतं आणि ते त्यांना ठाऊक आहे. कोणी स्तुती केली तर ते "छे, छे" म्हणत नाहीत. "बरोबर आहे," म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. दहा लोकांसमोर आपलं कौतुक ऐकून न लाजणारा मराठी माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

हाच माणूस दुसऱ्याच्या अडचणीच्या बाबतीत मात्र कसा वागतो, हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी दिसलं. आमच्या वर्कशॉपमध्ये तोवर एकही बाई कामाला नव्हती, त्यामुळे बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. मुलाखतीत हे विचारायचं माझ्या मनात होतं, पण नोकरी हवी होती म्हणून मी गप्प राहिले होते. पहिल्या दिवशी जाऊन पाहते तर स्टोअरच्या मागच्या बाजूला नवं दार, आतून कडी, आरसा आणि साबण. मला नंतर कळलं की सरांनी मॅनेजरना सांगितलं होतं, "माणूस कामावर घ्यायचा तर आधी त्याची सोय, मग काम." पाणी आणि बसायची जागा या गोष्टी मागायला लावणं त्यांना फार लागतं. ते का लागतं हे त्यांच्या गावच्या जुन्या गोष्टी ऐकल्यावर समजतं. त्या गोष्टी ते क्वचित सांगतात आणि सांगताना आवाज चढवत नाहीत.

पुढे दोन्ही घरांचं जाणं-येणं सुरू झालं. सरांचं घर हमद टाउनला. तिथे पत्ता म्हणजे कितव्या राउंडअबाउटला कुठे वळायचं एवढंच, आणि सर तो पत्ता असा सांगतात की माणूस हमखास एक राउंडअबाउट पुढे जातो. आमच्याकडे गणपती बसतो. सरांच्या घरी सकाळी बुद्धवंदना होते. आपली मतं त्यांनी कधी लपवली नाहीत आणि आमच्यावर लादलीही नाहीत. पहिल्याच वर्षी मी गणपतीला बोलावलं तेव्हा म्हणाले, "आरतीनंतर येतो, मोदकांच्या आधी." तेव्हापासून दरवर्षी ते ही वेळ बरोबर साधतात.

माझी मुलगी सई तेव्हा शाळेत होती. इंग्रजी शाळेत वाढलेल्या इथल्या सगळ्या मुलांसारखी तिची तऱ्हा. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. येणारा-जाणारा प्रत्येक मराठी पाहुणा तिला त्यावरून टोचायचा. सर तिच्याशी खेडच्या वळणाच्या मराठीत भरभरून बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघांचा संवाद सुरळीत चालायचा. मी तिच्यावर डोळे वटारले की सर म्हणायचे, "कळतंय ना तिला? मग झालं. यायचं तेव्हा येईल तोंडात."

आता अबू खालिद यांच्या गाडीची गोष्ट.

अबू खालिद हे हिद्दचे बहरीनी गृहस्थ, बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातली एक अमेरिकन मसल कार आहे. लांबलचक नाक, दोनच दारं, आठ सिलिंडरचं इंजिन आणि चालू केली की शेजारच्या घरातली भांडी वाजावीत असा आवाज. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची. अबू खालिद यांच्या लग्नात भावाने त्यांना याच गाडीत बसवून नेलं होतं. भाऊ गेल्यावर गाडी बरीच वर्षं शेडमध्ये धूळ खात उभी राहिली. मग अबू खालिद यांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मुलाने याच गाडीतून जायचं असं त्यांनी मनाशी घेतलं. इंजिन सगळं उघडून नवं केलं. राहिले होते हेडर, आणि त्यासाठी ते आमच्या सरांकडे आले.

हेडर म्हणजे इंजिनमधला जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा. दोन्ही बाजूंना चार-चार नळ्या निघतात आणि खाली एका तोंडात मिळतात. कारखान्यातून आलेल्या गाडीत त्या जागी बिडाचा जड तुकडा असतो. हेडर बसवले की धुराला वाट मोकळी होते, इंजिनला जोर येतो आणि आवाज सुटतो. अबू खालिद यांच्या भावाने बसवलेले हेडर खाऱ्या हवेने चाळणीसारखे झाले होते.

अबू खालिद यांच्या मुलांनी फोनवर बघून सगळ्यात जाड आणि सगळ्यात लांब नळ्यांचे हेडर पसंत केले होते. सरांनी विचारलं, "गाडी चलाएंगे कहाँ?"

"हिद्द से हमद टाउन. शादी उधर है," अबू खालिद म्हणाले. इथले जुने लोक आपल्याशी कामापुरतं हिंदी छान बोलतात. "फिर शुक्रवार को थोडा समुंदर के बाजू."

"रेस?"

"मफी रेस," अबू खालिद हसले. "मेरा उमर देखो, मुहंदिस." मफी म्हणजे नाही आणि मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. ते सरांना कायम याच नावाने हाक मारतात.

मग सरांनी त्यांना मुलांसकट समोर बसवलं आणि तासभर समजावलं. नळी गरजेपेक्षा जाड घेतली तर धूर आत रेंगाळतो आणि गाडी हळू चालवताना जोर उलट कमी होतो. लांब हेडर खाली लोंबतात, हमद टाउनच्या गतिरोधकांवर एक जरी घासला तरी संपला. म्हणून मध्यम जाडीच्या आणि आखूड नळ्या घ्या, पण इंजिनला चिकटणारी पट्टी मात्र जाड घ्या, म्हणजे तापून वाकणार नाही. क्रोमचा मुलामा दिला तर उष्णतेने निळा पडेल. साधा रंग जळून जाईल. कापडी पट्टी गुंडाळायचं तर अजिबात बोलू नका, ती दमट हवा धरून ठेवते आणि आतून गंज चढतो. सिरॅमिक कोटिंग करू, आतून आणि बाहेरून. मुलांना ते चांदीसारखं चकचकीत हवं होतं. सरांना राखाडी आवडतं, कारण ते जास्त ताप सोसतं. इथे मात्र त्यांनी मुलांचं ऐकलं. "लग्नाची गाडी आहे," ते मला म्हणाले, "आणि ही काही रोज पळणार नाही. चकचकीत चालेल."

आमच्या वर्कशॉपमध्ये सरांचा एक दंडक आहे. आधी बसवून बघा, मग कोटिंग करा. कोटिंग झाल्यावर नळीला ठोकता येत नाही, जोडकाम करता येत नाही, घासताही येत नाही. म्हणून कोरे हेडर आधी गाडीवर चढवायचे, सगळीकडून बघायचे, उतरवायचे आणि मगच भट्टीकडे न्यायचे. हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय की आमच्यातले काही जण झोपेतही म्हणत असतील. त्याप्रमाणे सर स्वतः हिद्दला गेले, गाडीखाली आडवे झाले, हेडर चढवून पाहिले आणि सगळं ठीक असल्याचं सांगून परत आले. मग ब्लास्टिंग, म्हणजे तो बारीक कणांचा मारा, मग कोटिंग, भट्टी. कोटिंगची जाडी आणि पकड मी तपासली आणि सही केली. काम देखणं झालं होतं.

त्या दिवसांत आमच्या घरी काय चाललं होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या नवऱ्याच्या कंपनीने बहरीनची शाखा बंद केली होती आणि तो रोज सकाळी कपडे करून नोकरी शोधायला बाहेर पडत होता. घरात एकच नोकरी उरली होती, माझी, आणि आम्हा तिघांचं इथे राहणं तिच्यावर अवलंबून होतं. सई दहावीत होती. वर्षाच्या मधोमध तिला उचलून पुण्याच्या शाळेत घालायचं या विचाराने मला घास गिळवत नव्हता. त्यातच मॅनेजरनी सांगितलं होतं की रिफायनरीचं काम मंदावलंय आणि ऑफिसातून एक माणूस कमी करावा लागेल. कोण ते ठरलं नव्हतं. सगळ्यांत नवी मी होते.

हेडर बसवायच्या दिवशी आम्ही हिद्दला गेलो, सर, मी आणि मॅनेजर. मॅनेजरना गाडीसोबत फोटो काढून घ्यायचे होते. अबू खालिद यांनी शेडमध्ये गालिचा अंथरून कहवा आणि खजूर मांडले होते. मेकॅनिकने उजवीकडचे हेडर चढवले, मग डावीकडचे, आणि बोल्ट आवळून स्टिअरिंग फिरवून पाहिलं. खर्र असा आवाज आला. डावीकडची एक नळी स्टिअरिंगच्या दांड्याला घासत होती.

मेकॅनिकने पुन्हा फिरवलं, पुन्हा खर्र. नव्या कोटिंगवर काळा ओरखडा उठला.

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फायनल इन्स्पेक्शन किसने किया था? साइन तो मॅडम की है ना?"

मी फक्त कोटिंग तपासलं होतं, पण सही माझी होती. मला फक्त सईचा युनिफॉर्म दिसत होता.

सर गाडीखाली गेले होते. ते बाहेर आले, हात पुसले आणि मॅनेजरकडे न बघता अबू खालिद यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "मॅडम की साइन कोटिंग के लिए है. कोटिंग बराबर है. फिटिंग मैंने देखी थी. इंजिन उस दिन पुराने रबर पे बैठा था. मैंने रबर नहीं देखा. गलती मेरी है."

झालं होतं ते असं. इंजिन गाडीत रबराच्या जाड ठोकळ्यांवर बसतं. नव्या केलेल्या इंजिनची पहिली धग नव्या कोटिंगला सोसत नाही, म्हणून सरांनीच सांगितलं होतं की हेडरच्या जागी कारखान्याचे जुने बिडाचे तुकडे लावून इंजिन आधी चालवून घ्या. नवे रबर अमेरिकेहून यायचे होते, तोवर मेकॅनिकने इंजिन जुन्या दबलेल्या रबरांवर ठेवलं होतं. सरांनी हेडर बसवून पाहिले ते तेव्हा. नंतर नवे रबर आले, इंजिन बोटभर वर उचललं गेलं आणि त्याच्याबरोबर ती नळीही वर आली. आधी बसवून बघा हा सरांचा दंडक सरांनी पाळला होता. फक्त ते इंजिन तेव्हा आपल्या खऱ्या जागी नव्हतं आणि आम्हा सगळ्या शिष्यांपैकी एकालाही ते विचारायचं सुचलं नव्हतं. सरांनी पाहिलंय म्हणजे झालंच, अशी आमची श्रद्धा.

मॅनेजरनी सावरायचा प्रयत्न केला. "कोई बात नहीं. थोडा हथौडा मार देंगे, टच-अप कर देंगे, खलास."

"नहीं," सर म्हणाले. "ठोकले तर कोटिंग तडकणार," हे ते माझ्याकडे वळून मराठीत बोलले आणि मग पुन्हा अबू खालिद यांना म्हणाले, "उपर से अच्छा दिखेगा. अंदर से जंग खाएगा. मैं वापस लेके जाता हूँ. नया बनाके दूँगा."

"मुहंदिस," अबू खालिद सावकाश म्हणाले, "शादी नजदीक है."

"मालूम है. अगले बुधवार को गाडी चालू मिलेगी."

"बोलो इंशाल्ला."

इथे प्रत्येक वायद्याला इंशाल्ला जोडतात. सर मात्र कामाची तारीख सांगताना ते कधी म्हणत नाहीत, त्यांच्या मते तारीख माणसाने पाळायची असते. अबू खालिद यांना हे माहीत होतं. सर क्षणभर थांबले. "इंशाल्ला," ते म्हणाले. "बुधवार." अबू खालिद यांनी मोठ्याने हसून त्यांच्या हातात कहव्याचा पेला दिला. परतताना गाडीत मॅनेजर हळूच म्हणाले, "सर, इतना बोलने की क्या जरूरत थी?" सर म्हणाले, "गाडी उनकी है. उनको मालूम होना चाहिए."

पुढचे दिवस सर घरी फक्त झोपायला जात असावेत. ते चकचकीत कोटिंग कणांचा मारा करून पुन्हा उतरवलं. घासणारी नळी कापून तिला नव्या वळणाचा तुकडा जोडला. मग कोरे हेडर घेऊन पुन्हा हिद्दला, नव्या रबरांवर. या वेळी सर गाडीखाली गेले नाहीत. "मेधाताई, तुम्ही बघा. माझं एकदा बघून झालंय." मी गालिच्यावर आडवी होऊन गाडीखाली शिरले आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घेतलं. नळी आणि दांडा यांच्यामध्ये माझं बोट आरामात फिरत होतं. पुन्हा ब्लास्टिंग, पुन्हा कोटिंग, पुन्हा भट्टी.

हेडर भट्टीत होते त्या सकाळची एक आठवण माझ्या मनात पक्की आहे. सर भट्टीजवळ फोन कानाला लावून उभे होते. बोलत काहीच नव्हते, नुसते ऐकत होते. मी खुणेने तापमान विचारलं, त्यांनी मान हलवून ठीक असल्याचं सांगितलं आणि फोन तसाच कानाला. मला वाटलं, बँकेचा नाहीतर कुठल्या ऑफिसचा फोन होल्डवर असेल. बुधवारी अबू खालिद यांनी गाडी सुरू केली, लग्नही त्याच गाडीतून थाटात पार पडलं आणि ऑफिसातून माणूस कमी करायचा विषय मॅनेजरनी पुन्हा काढला नाही. दीड-दोन महिन्यांत माझ्या नवऱ्यालाही नोकरी लागली.

एका शुक्रवारी मी बेसनाचे लाडू घेऊन हमद टाउनला गेले, नेहमीप्रमाणे एक राउंडअबाउट पुढे जाऊन परत वळून. मनात आभाराची दोन वाक्यं घोळवत होते. ती मी सरांना कशीबशी म्हणून दाखवली.

"आभार कसले?" सर म्हणाले. "तुमची चूक असती तर मी तुमचंच नाव घेतलं असतं." आणि लाडू बरा झालाय की नाही ते बघायला लागले.

त्यांचं हे वाक्य शंभर टक्के खरं होतं, म्हणूनच मला त्याचा केवढा तरी आधार वाटला. दया दाखवली असती तर मी आयुष्यभर दबून राहिले असते. त्यांनी मला माझ्या कामाइतकंच मोजलं, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

सर चहा टाकायला आत गेले तेव्हा शारदावहिनींनी मला सांगितलं. त्या एप्रिलमध्ये सरांची रजा मंजूर होती, तिकीट काढलेलं होतं. गावातल्या लोकांनी मिळून नवं विहार बांधलं होतं आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला त्याचं उद्घाटन होतं. निळा झेंडा सरांच्या हातून चढायचा होता. ज्या वस्तीत ते वाढले तिथे लहानपणी एका छपराखाली चाळीस माणसं बसतील अशी जागा नव्हती. त्या गावात हे विहार उभं राहिलं होतं. सरांनी रजा रद्द केली.

"मी म्हटलं, तुम्ही जाऊन या, हेडर दुसरं कोणी करील," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणे, चूक माझी आणि निस्तरायला दुसरा? वंदना ऐकली मग फोनवरून. कामावरच."

भट्टीजवळचा तो फोन तेव्हा मला कळला. मी त्या माणसाला तापमान विचारत होते. सर चहा घेऊन बाहेर आले आणि माझा चेहरा बघून वहिनींना म्हणाले, "सांगितलंस ना?" वहिनी म्हणाल्या, "सांगितलं. पोटात ठेवायला मला काय अल्सर करून घ्यायचाय?" मग आम्ही तिघांनी चहा घेतला.

तेव्हापासून आमच्या वर्कशॉपमध्ये एक प्रथा आहे. कुठलंही काम तपासायला घेतलं की कोणीतरी विचारतंच, "रबर नया है या पुराना?" ज्या व्हॉल्व्हमध्ये रबराचा कणही नाही, त्यालाही विचारतात. नवा माणूस गोंधळतो, मग त्याला ही गोष्ट सांगितली जाते आणि बहुधा सर स्वतःच सांगतात, हातवारे करून, स्वतःला जराही न वाचवता. अबू खालिद अजूनही थंडीच्या सुरुवातीला गाडी घेऊन सित्राला येतात, बॉनेट उघडून सरांना हेडर दाखवतात. गंजाचा ठिपका नाही. सर वाकून बघतात आणि म्हणतात, "चांगलं झालंय काम." नम्रतेबद्दल मी आधीच लिहिलंय.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो सईला वाचून दाखवला. ती आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि देवनागरी वाचायला तिला वेळ लागतो. मोबाइल बाजूला ठेवून तिने सगळं ऐकलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, मराठीत म्हणाली, "आई, आपण तेव्हा परत गेलो असतो ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग ते लिही ना. आपण गेलो नाही."

म्हणून लिहिते. सर, आम्ही गेलो नाही. सईची शाळा इथेच पूर्ण झाली, माझी नोकरी टिकली आणि आज मी ज्या खुर्चीत बसून लोकांच्या कामावर सह्या करते, ती खुर्ची तुम्ही त्या शेडमध्ये उभं राहून राखलीत. आणि मुलीच्या तोंडात मराठी आली, तुम्ही म्हणाला होतात तसं, यायचं तेव्हा.

आता तुम्ही कायमचे गावी निघाला आहात. शारदावहिनींनी सामान बांधायला घेतलंय, आणि गावाकडे झेंड्याची दोरी तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणी धरायची नाही असं ठरल्याचं वहिनींकडूनच कळलं. गुडघे शाबूत राहोत, कारण विहाराला पायऱ्या आहेत. साखर ताब्यात राहो, कारण लाडू इथून येतच राहतील. आवाज आहे असाच राहो. येत्या चौदा एप्रिलला तुम्ही तिथे असाल, त्याच्या पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या चौदा एप्रिलला असाल. तुम्हाला इतक्या जयंत्या गावात बघायला मिळोत की मधली ती एक हुकली होती, हे गावात कोणाला आठवूही नये.

आमच्या घरात ती आठवेल.